अकरा गुडघे

सरांच्या ओपीडीत खुर्च्या दोनच होत्या आणि दोन्ही पेशंटबरोबर आलेल्यांसाठी. स्वतःसाठी त्यांनी खुर्ची ठेवलीच नव्हती. नव्या मॅनेजरनं एकदा हौसेनं चाकांची, उंच पाठीची खुर्ची आणून ठेवली. सरांनी दोन दिवस तिच्यावर कोट टांगला आणि तिसऱ्या दिवशी ती ढकलत ढकलत रिसेप्शनपर्यंत नेऊन तिथल्या मुलीला दिली. "हिला दिवसभर बसायचं असतंय. मला काय करायची?" एवढं बोलून ते जिन्याकडं चालायला लागलेसुद्धा.

एका जागी उभं राहणंही त्यांना फार वेळ जमत नसे. चालता चालता रिपोर्ट वाचत, चालता चालता चहा पीत, आणि चहा संपला की कप जिथं असतील तिथं ठेवून देत. मग आम्ही नर्सेस खिडकीच्या कट्ट्यावरून, अग्निशामक नळकांड्याच्या डोक्यावरून ते कप गोळा करत असू. एका पोराच्या आजोबांनी मला विचारलंही होतं, "डॉक्टरास्नी कुठं गाडी गाठायची हाय काय?"

ते लहान मुलांच्या गुडघ्यांचे डॉक्टर. तसे हाडांचेच, पण मोठ्यांच्या गुडघ्यांत त्यांचं मन रमत नसे. कोल्हापुरात दुर्बिणीनं गुडघा तपासणारे आणखीही होते. पण सात-आठ वर्षांच्या पोराच्या इवल्याशा गुडघ्यात दुर्बीण घालायची म्हटलं, की बाकीचे डॉक्टरही चिठ्ठी लिहून सरांकडंच पाठवायचे. मी त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. नऊ वर्षं टेबलाशी त्यांच्या उजव्या हाताला उभी राहिले. हत्यार मागायच्या आधी हातात द्यायचं, एवढीच माझी विद्या.

दुर्बीण म्हणजे पेन्सिलीहून बारीक नळी, तिच्यातून आत जाणारा उजेड आणि मागं बसवलेला कॅमेरा. गुडघ्याला दोन बारीक छेद द्यायचे. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यार. आत सलाईनचं पाणी सोडून सांधा फुगवायचा, आणि मग समोरच्या पडद्यावर आतलं सगळं दिसायला लागतं. पांढरी चकचकीत हाडाची टोकं, मधल्या गाद्या, दोरखंडासारखे बंध. पहिल्या दिवशी मला ते पाण्याखालचं गाव वाटलं होतं.

एवढं सगळं हाताशी असूनही सर दुर्बीण घालायला लवकर तयार होत नसत. आधी पोराला चालवायचे. "चल मरी, मला त्या खिडकीपर्यंत सोडून ये," म्हणायचे. मरी म्हणजे कन्नडमध्ये पिल्लू. सर गडहिंग्लजचे. घरात कन्नड, वडलांच्या मिरचीच्या दुकानात मराठी, अशी दोन्हीकडं वाढलेली जीभ. पोरगं पुढं, सर मागं, त्यांच्यामागं फाईल घेऊन मी, अशी आमची वरात कॉरिडॉरमधून चालायची. सर पोराच्या पायांकडं बघायचेच, पण चपलांचा आवाजही ऐकायचे. कधीकधी तर डोळे मिटून मागनं चालायचे आणि स्ट्रेचरला धडकायचे.

टेबलावर लिमलेटच्या गोळ्यांची बरणी असे. ती पोरांसाठी आहे असं सगळ्यांना वाटायचं. ती आईबापांसाठी होती. पोराला काही विचारलं की आई सांगायची, "काय न्हाय हो डॉक्टर, खेळताना लागलंय," आणि बाप सांगायचा, "अभ्यास नको म्हणून नाटकं करतंय." सर बरणी पुढं करायचे. "घ्या. तोंडात ठेवा. गोळी संपेपर्यंत बोलायचं न्हाय. दातानं फोडायची न्हाय." एक फौजदार आले होते, युनिफॉर्ममध्ये, तेही गाल फुगवून गप्प बसलेले मी बघितलेत. आणि बहुतेक वेळा त्या एका गोळीच्या अवधीत पोरगं खरं काय ते सांगून टाकायचं.

"गुडघा लबाड असतोय," सर म्हणत. "खुब्याचं दुखणं आपल्या नावावर सांगतो." लहान मुलांत खुब्याचा सांधा बिघडला, तरी पुष्कळदा दुखतं मात्र गुडघ्यात. म्हणून गुडघा घेऊन आलेलं प्रत्येक पोर आधी पाठीवर झोपायचं आणि सर त्याची मांडी धरून खुबा गोल फिरवून बघायचे. कोपर मोडून आलेल्या पोराचाही खुबा त्यांनी फिरवून बघितलाय.

हे शहाणपण त्यांना सहज मिळालं नव्हतं. मी तिथं लागले त्याच वर्षाची गोष्ट. बारा वर्षांचा, अंगानं चांगला भरलेला मुलगा, शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. गुडघा दुखतो म्हणून आला. एमआरआयमध्ये गुडघ्याच्या गादीवर एक पुसटशी रेघ दिसत होती. तेव्हा आमच्याकडं नवी दुर्बीण आली होती आणि सर तिच्यावर खूश होते. त्यांनी गुडघा बघितला. आत सगळं स्वच्छ. थोडे दिवस आराम करायला सांगून मुलाला घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी तो बाथरूममध्ये पाय घसरून पडला आणि त्याला उचलूनच आणावं लागलं. एक्स-रेत दिसलं, की खुब्याचा गोळा मांडीच्या हाडावरून सरकलाय. तो महिनाभर आधीपासून थोडा थोडा सरकत होता. दुखणं तिथलं होतं, आणि आम्ही गुडघा उघडून बघितला होता.

तेव्हाच्या मॅनेजरनं सरांना बाजूला घेऊन सांगितलं, "पडल्यामुळं झालं म्हणा. पडलाच आहे तो."

सर तडक बाहेर आले. मुलाचे वडील मार्केट यार्डात हमालांचे मुकादम होते, दार भरून टाकणारा माणूस. भरल्या ओपीडीत सर त्यांना म्हणाले, "हे पडल्यामुळं नाही झालं. आधीपासून होतं. मी खुबा बघायला पाहिजे होता, बघितला नाही. चूक माझी."

मुकादमांनी सरांच्या कानाखाली मारली. चष्मा उडून माझ्या पायाशी आला. वॉर्डबॉय धावला, त्याला सरांनी हातानं थांबवलं. मी चष्मा उचलून दिला. तो घालून सर म्हणाले, "बरोबर हाय. आता पोराला आत घेऊ. आजच स्क्रू घालायला पाहिजे, उशीर नको." मुकादम दोन क्षण बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच स्ट्रेचर ढकलायला घेतलं. ऑपरेशन नीट झालं, पण तो पाय बोटभर आखूड राहिला तो राहिलाच.

त्या दिवसापासून सर बसत नाहीत, असं हॉस्पिटलात नव्या पोरींना सांगतात. खोटं आहे. त्याच्या आधीही बसत नव्हते.

आजऱ्याची ती मुलगी आली तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. नऊ वर्षांची, दोन वेण्या, उजवा गुडघा नारळाएवढा. सात महिने तो तसाच होता. कमी व्हायचा, पुन्हा सुजायचा. एका डॉक्टरांनी टीबीचा संशय घेतला होता, दुसऱ्यांनी लहानपणीचा संधिवात म्हटलं होतं. कुठल्याच तपासणीत पक्कं काही येत नव्हतं. टीबीची औषधं वर्षभर चालणार आणि ती चुकीची ठरली तर सांधा हातचा जाणार, म्हणून आधी दुर्बिणीनं आत बघून तुकडा काढून तपासा, अशी चिठ्ठी घेऊन आई तिला घेऊन आली होती.

आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायच्या कामावर. काजूच्या टरफलाच्या तेलानं तिची बोटं काळी पडून सालपटं निघालेली. गोळी घेतल्या घेतल्या तिनं हात पदराआड लपवला.

सरांनी मुलीला चालवलं, खुबा फिरवला, खिडकीपाशी नेलं. "कधी लागलं होतं काय गं मरी? पडलीबिडली होतीस?"

मुलीनं मान हलवली. नाही.

"कोण रागवणार न्हाय."

मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. आईची गोळी विरघळून गेली तरी तिनं तोंड उघडलं नाही. परत येताना सर मला हळूच म्हणाले, "हिला ठाऊक हाय, सिस्टर. हिला काहीतरी ठाऊक हाय."

दोन दिवसांनी तिला टेबलावर घेतलं. आत दुर्बीण गेली आणि पडदा लालभडक झाला. सांध्याच्या आतलं अस्तर सुजून शेवाळासारखं लोंबत होतं, पाण्याबरोबर हलत होतं. सरांनी चार ठिकाणचे तुकडे काढून बाटलीत दिले. ज्यासाठी आलो ते काम झालं होतं. सरांचे ज्युनियर डॉक्टर म्हणाले, "सर, बायोप्सी पुरेशी आहे. बंद करूया?"

"तडी," सर म्हणाले. म्हणजे थांब.

मांडीला रक्त थांबवायचा पट्टा आवळलेला असतो, तो लहान मुलाला फार वेळ ठेवता येत नाही. भूल देणाऱ्या मॅडम घड्याळाकडं बघत होत्या. "सर, पन्नास मिनिटं झाली." सर गुडघ्याच्या वरच्या पिशवीतून खाली आले, आतल्या बाजूनं गेले, बाहेरच्या बाजूनं गेले. शेवाळाचा एकेक पुंजका हुकनं बाजूला करून मागं बघत होते. "सर, तास होत आला." सरांनी बाहेरून अंगठ्यानं गुडघ्याची कड दाबली, आणि पडद्यावर त्या लालीतून एक काळं टोक वर आलं. पुन्हा आत गेलं.

"आता तुम्ही दाबा," सर ज्युनियरना म्हणाले. मी बारीक चिमटा त्यांच्या हातात ठेवला होताच. काळं टोक पुन्हा आलं आणि त्याच वेळी पडद्यावरचं सगळं चित्र थरथरलं. मला वाटलं, सर आनंदले. चिमट्यात ते आलं. गव्हाच्या दाण्याएवढा काट्याचा शेंडा.

मॅडम ओरडल्याच, "अहो, काटा!" ज्युनियर हसायला लागले. "पट्टा सोडा, भरपूर पाण्यानं धुवा," एवढंच सर म्हणाले आणि टाके घालून झाल्यावर बाहेर जाऊन कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले.

तुकड्यांचा रिपोर्ट आल्यावर त्यांनी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. मी तेवढी राहिले. छोट्या बाटलीतला काटा त्यांनी मुलीच्या हातात दिला. "हा तुझा हाय. घरी ने."

मुलगी बाटलीकडं बघत राहिली आणि मग तिचं तोंड वाकडं झालं. हुंदक्यातून जे आलं ते असं. एप्रिलमधली गोष्ट. शाळा बुडवून ती मैत्रिणीबरोबर कच्ची करवंदं काढायला डोंगराला गेलती. जाळीत पडली. काटा गुडघ्यात घुसला तो तिनं स्वतःच ओढून काढला. सगळा निघाला असं तिला वाटलं. घरी सांगायची सोय नव्हती, कारण आईनं बजावलं होतं, "शाळा बुडवलीस तर माझ्याबरोबर काजू फोडायला घालीन." मुलगी म्हणाली, "आयेचं हात तुमी बघितल्यासा न्हवं?"

सात महिने. मला पाठ फिरवून खिडकीचा पडदा सरळ करावा लागला.

"आईला सांगू काय?" सरांनी विचारलं.

"नको."

"बरं. न्हाय सांगत."

आई आत आली तेव्हा सर म्हणाले, "काटा होता. कधी गेला, कुठला, ते काय आता कळायचं न्हाय. टीबी न्हाय, वात न्हाय. पोरगी पळंल." आईनं बाटली उजेडात धरली. डोंगरकडच्या बाईला काय सांगावं लागतं? "करवंदीचा हाय," ती म्हणाली. मग मुलीजवळ बसली आणि तिनं आपले दोन्ही काळे हात मुलीच्या मांडीवर उताणे ठेवले. "ह्यास्नी भ्यालीस व्हय गं?" एवढंच म्हणाली.

आमच्या हॉस्पिटलात ही गोष्ट वर्षभर सांगितली गेली. मीही सांगायची. फक्त ते चित्र थरथरलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

कारण पुढच्या ऑपरेशनलाही ते थरथरलं. तेव्हा तर आनंदायचं काही कारण नव्हतं. दुर्बीण धरलेला सरांचा डावा हात. पोराचा गुडघा पडद्यावर दहापट मोठा दिसतो, त्यामुळं हात केसभर हलला तर चित्र वीतभर हलतं. पहिल्यांदा वाटलं, थकले असतील. मग वाटलं, थंडी आहे. मग मी एसी कमी करून ठेवायला लागले. ज्युनियरांना दिसलं असेल का, मॅडमना दिसलं असेल का, मला ठाऊक नाही, आम्ही कुणीच बोललो नाही. घरी भाजी चिरताना, कळंब्याच्या स्टॉपवर उतरताना, माझ्या डोळ्यांसमोर तो हलणारा पडदा असायचा. सांगावं, असं रोज सकाळी ठरवायची. पण त्यांच्या हाताबद्दल त्यांना सांगणारी मी कोण? आणि त्यांनी माझं म्हणणं मान्य केलं तर पुढं काय, ह्याचीही भीती होती. तेही खरंच आहे.

होळीच्या आधी एक आठ वर्षांचा मुलगा आला. गगनबावड्याच्या घाटात रस्त्याचं काम चाललं होतं, तिथं त्याचा बाप काँक्रीटचा मिक्सर चालवायचा. पोराचा उजवा गुडघा चालता चालता अडकून बसायचा, मग 'कट्ट' असा आवाज होऊन सुटायचा. गुडघ्यातली गादी चंद्रकोरीसारखी असते. काही मुलांत ती जन्मतःच पुरणपोळीसारखी गोल, जाड असते आणि सांध्यात अडकते. ती मधून कातरून चंद्रकोरीच्या आकाराची करायची आणि कडेची किनार मात्र राखायची. फार नाजूक काम. त्या दिवशी चित्र इतकं हललं की किनार कुठं संपते ते मला दिसत नव्हतं. सरांना दिसत असेल, असं मी मनाला सांगत राहिले.

त्या ऑपरेशनचं रेकॉर्डिंग कॉलेजच्या मुलांना दाखवायचं म्हणून सरांनी आठवड्यानं लावलं. मी ट्रे भरत होते. पाच मिनिटांनी त्यांनी ते थांबवलं. मागं नेलं. पुन्हा लावलं.

"सिस्टर."

"सर."

"हे कधीपासून?"

कॅमेऱ्याची वायर सैल आहे, असं म्हणता आलं असतं. "दिवाळीपासून," मी म्हटलं.

"काट्याच्या पोरीपासून?"

"व्हय सर."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही पडदा बघत होता," ते म्हणाले, "मी त्यातला गुडघा बघत होतो. मला सांगायला पाहिजे होतं, सिस्टर." आणि मग, आवाज जराही न चढवता, "रजिस्टर आणा."

दिवाळीपासून अकरा मुलं झाली होती. सरांनी अकरा नावं आणि पत्ते एका कागदावर लिहून घेतले. ज्युनियर डॉक्टरांना बोलावून सांगितलं, "उद्यापासून टेबल तुमचं. मी दुर्बिणीला हात लावणार नाही." मॅनेजर आले. म्हणाले, "सर, एकाही पेशंटची तक्रार नाही." सर म्हणाले, "पोरं तक्रार करत नसतात हो. लंगडतात."

त्यानंतरचे सगळे रविवार आम्ही फिरलो. मी स्वतःहून गेले. गाडी चालवायला हाताचा भरवसा नको, म्हणून एसटीनं. निम्मी गाडी मोकळी असली तरी सर दांडा धरून उभे. कंडक्टर म्हणाला, "पावणं, बसा की, तिकीट तेवढंच हाय." सर हसले आणि उभेच राहिले.

प्रत्येक घरी ते एवढंच बोलायचे. "तुमच्या पोराच्या ऑपरेशनच्या वेळी माझा हात हलत होता. तेव्हा मला कळलं नाही. आता गुडघा पुन्हा बघायला आलोय." आजऱ्याच्या त्या मुलीच्या आईला आधी काही समजलंच नाही. समजल्यावर ती म्हणाली, "काटा तर काढलासा न्हवं?" आणि पोह्याला फोडणी द्यायला आत गेली. मुलगी तोवर दोरीवरच्या उड्या मारून दाखवत होती. पण सगळीकडं पोहे नव्हते. कळंब्यात, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, एका मुलीच्या वडलांनी ते बोलणं पुरतं ऐकलं आणि दार लावून घेतलं. आतून ओरडले, "आधी सांगायला लाज वाटली काय?" सर फाटकाबाहेर येरझारा घालत राहिले. दोन तासांनी मुलगी क्लासवरून सायकल मारत आली. सरांनी तिला गुडघा वाकवायला लावला, सरळ करायला लावला, तिथंच रस्त्यात. दार उघडून वडील बघत होते. "ठीक हाय गुडघा," सर त्यांना म्हणाले. त्यांनी मुलीची सायकल तेवढी आत घेतली. परत जाताना माझी मान वर होत नव्हती. तो प्रश्न खरं तर मला विचारायला हवा होता.

दहा मुलं मिळाली. दहाही गुडघे चांगले निघाले. अकरावा म्हणजे मिक्सरवाल्याचा मुलगा, ज्याची सगळ्यांत जास्त धास्ती होती, तोच मिळेना. गगनबावड्याला गेलो तर घाटातलं काम संपलं होतं, पत्र्याच्या शेडच्या जागी नुसते चुलींचे दगड राहिले होते. दिलेला फोन बंद. ठेकेदाराला कामगारांची नावंही ठाऊक नव्हती. मी तिथल्या चहावाल्याकडं माझा नंबर ठेवून आले.

सर त्यानंतर नोकरी सोडून गडहिंग्लजला गेले. तो हात म्हणजे कंपवाताची सुरुवात होती. आधी दर आठवड्याला फोन यायचा, "सिस्टर, मिळाला काय?" मग पंधरवड्याला. त्यांचा दणदणीत आवाज बारीक होत गेला. पुढं पुढं त्यांच्या पत्नी नंबर लावून द्यायच्या आणि ते बोलायचे. प्रश्न तोच.

दीड वर्षानं चहावाल्याचा फोन आला. "बाई, तुमचा मिक्सरवाला काल चहा पिऊन गेला. राधानगरी रोडला काम चाललंय म्हणं."

मी रजा टाकली आणि स्कूटर घेऊन गेले. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, पुढं खडीचा मोठा ढीग आणि त्या ढिगावरून एक पोरगं वरून खाली घसरत, परत वर पळत होतं. आईनं मला ओळखलं. "अक्का, तुमी दवाखान्यातल्या न्हवं?"

मी तिथूनच सरांना फोन लावला.

"मिळाला," मी म्हटलं.

पलीकडून तो बारीक आवाज. "मांडी घालतो काय?"

मी फोन स्पीकरवर टाकून पोराला ताडपत्रीवर बसवलं. "घालतो सर."

"उकिडवा?"

"बसला."

"पालथा झोपवून टाच मागं लावून बघा. मग पाय सरळ करून दुसऱ्याशी ताडून बघा."

टाच लागली. दोन्ही पाय सारखे सरळ झाले. मी तसं सांगितलं. तेवढ्यात पोरानं फोन माझ्या हातातून घेतला. "कोण हाय?"

"मी तुझ्या गुडघ्यात दुर्बीण घातल्याला म्हातारा."

"मग ह्यो दुसरा बी बघा की. ह्यो बी वाजतोय." त्यानं डावा गुडघा वाकवला आणि सरळ केला. 'कट्ट'. मी ऐकला तो आवाज. अशी गोल गादी पुष्कळदा दोन्ही गुडघ्यांत असते, हे मला ठाऊक होतं.

"दुखतो काय?" सरांनी विचारलं.

"न्हाय."

"पळताना अडकतो?"

"न्हाय. नुसता वाजतोय."

"मग वाजू दे," सर म्हणाले.

पोरानं फोन माझ्याकडं फेकल्यासारखा दिला, "आये, वाजू दे म्हणालं!" असं ओरडलं आणि ढिगाकडं सुटलं. खडी सगळीकडं उडाली.

"सर, अकरा झाले," मी म्हटलं.

मी दोनदा हाक मारली. मग त्यांच्या पत्नींचा घाबरलेला आवाज आला. "सिस्टर, काय सांगितलंत तुम्ही त्यांना? ते रडायला लागलेत. काही वाईट झालंय काय?"

"नाही वहिनी," मी म्हटलं. "एका पोराचा गुडघा वाजतोय, तेवढंच."